नदीतल्या पंगतीचा जमखाना

मी एक जुना जमखाना आहे मित्रांनो, आणि तोही अर्धाच. पुण्याकडचे लोक मला सतरंजी म्हणतील, म्हणोत बापडे. बंगळुरात, कॉटनपेटेतल्या आमच्या घरी मला जमखानाच म्हणतात. माळ्यावर गव्हाच्या रिकाम्या पिंपामागे माझी गुंडाळी पडून असते. माझ्या एका टोकाला किनार आहे, गोंडे आहेत. दुसऱ्या टोकाला नुसते लोंबते दोरे. बघणाऱ्याला वाटतं, उंदरांनी कुरतडला. उंदरांची काय बिशाद! मला नदीनं फाडलं. ते कसं, तेच सांगायला बसलोय. ऐकताना भीती वाटली तर खुशाल उठून जा. उठून जाणाऱ्याला मी नावं ठेवत नाही.

माझा जन्म नवलगुंदचा. तिथल्या एका अक्कानं मला उभ्या मागावर विणलं. जाड सूत, तांबड्या-निळ्या पट्ट्या, आणि प्रत्येक ओळ लोखंडी पंजानं ठोकून ठोकून बसवलेली. माझी रुंदी माणूस मांडी घालून बसेल एवढीच, पण लांबी विचारू नका. मी पंगतीसाठीच जन्माला आलो होतो. नरसिंहरावांच्या लग्नात मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या आईनं मला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हा काही लवकर मरत नाही." मला फार बरं वाटलं होतं.

नरसिंहराव म्हणजे आमच्या घराचे कर्ते. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान. घराणं मराठी, पण ते इकडे कधी आलं हे कुणालाच धड माहीत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. मुंज असो, सत्यनारायण असो, मी माजघरापासून पडवीपर्यंत पसरायचो आणि माझ्यावर सगळं गणगोत जेवायला बसायचं. पाहुणे म्हणायचे, "राव, जमखाना भारी हं तुमचा!" मी आणखी ताठ व्हायचो. मग घरात जेवणाचं टेबल आलं. झालं! मला गच्चीवर पापड वाळवायला नेऊ लागले. एकदा तर माझी चौघडी करून माझ्यावर इस्त्री फिरवली. राग आला होता, पण सांगतो कुणाला?

वर्षातून एकदा मात्र माझ्यावाचून अडायचं. कार्तिकातलं वनभोजन. रानात किंवा नदीकाठी जायचं, आवळीची पूजा करायची आणि तिथंच चूल मांडून जेवायचं. टेबल काही नदीवर नेता येत नाही.

पंगतीचे नियम तुम्हाला सांगायला हवेत, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेवायच्या आधी तळहातावर पाणी घेऊन पितात, त्याला आपोशन म्हणतात. ते एकदा घेतलं की जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. सगळ्यांचं झालं की घरातला वडीलधारा शेवटचं आपोशन घेतो, मग सगळे एकदम उठतात. मध्येच कुणी उठला तर पंगत मोडली, सगळ्यांचंच जेवण बिघडलं. त्यातून नरसिंहराव मौन धरून जेवायचे. पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत तोंडातून शब्द नाही. काय हवं नको ते हातानं. आणि ते गप्प, म्हणून बाकीचेही गप्प.

आमच्या माडीवर सूर्यकांत नावाचा पुण्याचा मुलगा भाड्यानं राहायचा. कॉम्प्युटर कंपनीत होता. सणाला एकदा तो पंगतीत बसला आणि फोन वाजला म्हणून अर्ध्या जेवणातून उठला. नरसिंहरावांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, कपाळावर हात मारला. "पंगत मोडलीस की रे, मारुतीराया!" त्या दिवसापासून घरात त्याचं नावच पडलं, पंगतमोडे. चिडवायचे सगळे प्रेमानंच, पण बिचाऱ्यानं कानाला खडा लावला होता. पुन्हा म्हणून मध्येच उठायचा नाही.

ही शहाण्णव सालच्या कार्तिकातली गोष्ट. त्या वर्षी देवाप्पानं आमंत्रण दिलं. देवाप्पा कावेरीकाठच्या एका लहान गावचा, नदीत हरगोल चालवणारा. हरगोल म्हणजे बांबूची विणलेली मोठी गोल टोपली, खालून डांबर फासलेली. तीच तिकडची नाव. दर उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, तो बायकोला, नीलम्माला, घेऊन आमच्या दुकानात कापड घ्यायला यायचा. "रायरे, एकदा आमच्या गावी या. नदीत वाळूचा दांडा वर आलाय, सोन्यासारखा." तो कन्नडात बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगतो. रायरे म्हणजे आपलं रावसाहेब.

तर एका रविवारी भाड्याची मॅटाडोर केली आणि सकाळीच निघालो. नरसिंहराव, इंदिराबाई, त्यांचा मुलगा पवनकुमार, सून रूपश्री, सहा वर्षांची नात पवित्रा आणि सूर्यकांत. मी टपावर बांधलेला, शेजारी पातेली. वाटेत सूर्यकांत म्हणाला, "काका, सॉलिड! आमच्या ऑफिसातले लोक गोव्याला जातात, आपण कावेरीच्या बीचवर." सगळे हसले. पवित्राला तर वाळूत काय काय करू न् काय नको असं झालं होतं.

काठावर देवाप्पा आणि नीलम्मा वाट बघत उभे होते. शहाळी सोलून ठेवलेली, होंगीच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली शेणानं सारवून जागा केलेली. नीलम्मा म्हणाली, "अम्मा, इथंच सावलीत जेवा. वर डोंगरात दोन दिवस पाऊस आहे म्हणतात. दांड्यावर नंतर फिरून या." इतकं साधं सांगितलं होतं तिनं. इंदिराबाईंचं मन होतंही थांबायचं. पण नरसिंहराव सारवलेल्या जागेकडे बघत राहिले. ती नीलम्मानं सारवली होती, तिथं गावचे लोक उठत-बसत होते. सोवळ्यातलं जेवण तिथं कसं करायचं? आणि समोर नदीनं धुऊन काढलेला दांडा. कुणाचं पाऊल नाही, कुणाचा स्पर्श नाही. "तीच जागा चांगली. शुद्ध आहे," ते म्हणाले. देवाप्पानं मान डोलावली. "सरी, रायरे." नीलम्मानं शहाळ्यांच्या टरफलांवर माती लोटली आणि काठावरच बसून राहिली.

दांडा खरंच सुंदर होता हो. पांढरी वाळू, दोन्हीकडे नितळ पाणी, तळातले गोटे दिसायचे. देवाप्पानं सगळ्यांना दोन फेऱ्यांत आणलं. वाळूत आवळीची फांदी रोवली, पूजा झाली, तीन दगडांची चूल पेटली. मला पसरलं तेव्हा वाळू उबदार होती. किती दिवसांनी माझ्या पट्ट्या अशा सरळ झाल्या होत्या! तरी मला कसंसंच वाटत होतं. सकाळपासून पाण्यात पाय मुडपून उभे असलेले बगळे एकाएकी उडून काठावर गेले होते. पवित्रानं पाण्याजवळ बांधलेला किल्ला कुठे गेला ते तिला कळत नव्हतं. "आई, माझा किल्ला कुणी नेला?" रूपश्री म्हणाली, "तू दुसरीकडे बांधला असशील, चल जेवायला."

पंगत बसली. वरच्या बाजूला नरसिंहराव, मग पवनकुमार, मग सूर्यकांत आणि माझ्या अगदी टोकाला, गोंड्यांवर, पवित्रा. धाकटं माणूस शेवटी, अशी रीत. तिचं टोक उताराला, पाण्याकडे होतं. वाळू सपाट करून केळीची पानं मांडली होती. इंदिराबाई आणि रूपश्री वाढायला, त्या मागून जेवणार. आणि देवाप्पा? तो हरगोल घेऊन दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. सोवळ्यात जेवणाऱ्यांकडे बघायचं नाही, त्यांच्यावर आपली सावलीही पडू द्यायची नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

नरसिंहरावांनी आपोशन घेतलं. मौन सुरू झालं.

सगळ्यांच्या आधी मला कळलं, मित्रांनो. खालची वाळू गार झाली. मग ओली झाली. वरून नाही, आतून, खालून. ओलावा माझ्या सुतात चढायला लागला, पवित्राच्या टोकापासून वरवर. अरे, उठा! मी किती ओरडलो असेन! पण जमखान्याला कुठलं तोंड? मी नुसता जड होत गेलो.

"आई, मला ओलं लागतंय," पवित्रा म्हणाली.

"पाणी सांडलंस ना?" रूपश्री हळूच पुटपुटली. "बघून भांडं ठेवावं माणसानं."

"मी नाही सांडलं!"

"शू! आजोबा जेवतायत."

पवित्राचं तोंड एवढंसं झालं. तिचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पण ते बघतं कोण? सूर्यकांत मात्र पाण्याकडे बघत होता. मघाशी दिसणारे गोटे आता दिसत नव्हते. पाणी तांबूस झालं होतं, त्यावर काटक्या आणि फेस वाहत होता. त्यानं तोंड उघडलं. इंदिराबाईंनी भाताचं पातेलं हातात धरून नुसते डोळे वटारले. त्याला पंगतमोडे आठवलं असणार. त्यानं मान खाली घालून घास घेतला.

तिकडे काठावरून नीलम्मा ओरडायला लागली. वारा उलटा, शब्द कळेनात. देवाप्पानं मात्र ऐकलं. तो उठला, झपाझप आमच्याकडे आला, आणि नेहमीच्या अंतरावर थांबला. चार-पाच हात लांब. जीव टांगणीला लागल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी विचारलं काय? "जेवण झालं का, रायरे? स्वल्प लवकर..."

नरसिंहरावांनी वर न बघता पंजा दाखवला. थांब. पानात दहीभात होता, तो संपला की शेवटचं आपोशन. आणि देवाप्पा थांबला हो! नदी अंगावर येत होती, आणि एक माणूस जेवण संपायची वाट बघत होता, आणि दुसरा रीत पाळत होता. दोघांनाही आपण वागतोय ते बरोबरच वाटत होतं. आजही ते आठवलं की माझ्या सुतातून गारवा जातो.

तेवढ्यात चूल चरचरली. बुडाखालून पाणी शिरलं आणि निखारे विझले. इंदिराबाईंच्या हातातला डाव गळून पडला. देवाप्पाच्यानं मग राहवलं नाही. तो पुढे धावला, पानांच्या ओळीत ओल्या पायांनी शिरला आणि पवित्राला उचलायला वाकला.

"लांब!" नरसिंहराव ओरडले.

वर्षानुवर्षं पाळलेलं मौन मोडलं, ते या एका शब्दासाठी. त्यांनी विचार केला नव्हता. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सोवळ्याच्या पंगतीत पाय पडला एवढंच त्यांना दिसलं, आणि तोंडातून आपसूक निघालं. आणि देवाप्पाचा पाय, तोही आपसूक, एक पाऊल मागे गेला.

त्याच क्षणी कड ढासळली. वाळू आतून पोखरली होती. पवित्रा जिथं बसली होती तो भाग तिच्यासकट पाण्यात गेला. तिच्या किंकाळीबरोबर माझं टोकही गेलं. तिनं दोन्ही मुठींत माझे गोंडे धरले होते. धार तिला ओढत होती, आणि ती मला ओढत होती.

"पवी!" पवनकुमार उठायला गेला, सूर्यकांतही. दोघांचा भार हलला मात्र, मी सर्रकन पाण्याकडे घसरलो. वर नुसते नरसिंहराव राहिले असते तर मी त्यांच्याखालून निसटलोच असतो, आणि माझ्याबरोबर ती पोरही गेली असती.

"उठू नका!" इंदिराबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की काठावरची नीलम्मा गप्प झाली. "बसा! कुणी उठायचं नाही! जमखाना दाबून धरा!"

पवनकुमार बसला. बाप होता तो. पोटची पोर समोर बुडत होती आणि तो मांडी घालून बसला होता, दोन्ही हातांनी मला वाळूत दाबत, ढसाढसा रडत. सूर्यकांत माझ्यावर पालथा पडला. इंदिराबाई आणि रूपश्रीनंही सोवळं-ओवळं सोडून माझ्यावर अंग टाकलं. नरसिंहराव जागच्या जागी बसून होते, उष्टा हात माझ्यात रुतवून. मी ताणला गेलो, इतका की पंजानं ठोकलेली एकेक ओळ मला मोजता आली असती. नवलगुंदच्या अक्का, मी मनात म्हटलं, तुझं सूत आज टिकू दे गं बाई.

देवाप्पा माझ्या कडेला धरून पाण्यात उतरला. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. त्यानं हात लांबवला. एकदा निसटला. पवित्राचं डोकं पाण्याखाली गेलं, पण मुठी सुटल्या नव्हत्या, मला त्या कळत होत्या. मग एक मूठ सुटली. मग देवाप्पाच्या हातात तिची वेणी आली. त्यानं तिला वेणीनं ओढून खांद्यावर घेतलं आणि मला धरून धरून वर आला. पवित्रा खोकली, ओकली आणि मोठ्यानं रडली. रूपश्रीनं तिला उराशी धरलं आणि तिच्याहून मोठा गळा काढला.

पुढचं सगळं घाईत झालं. पहिल्या फेरीत बायका आणि पवित्रा. दुसऱ्या फेरीला हरगोल भोवऱ्यात सापडली, गरगर फिरली, तरी देवाप्पानं ती आणलीच. पवनकुमार आणि सूर्यकांत मला गुंडाळायला बघत होते. माझं अर्धं अंग वाळूत पुरलं गेलं होतं. "सोड रे तो!" नरसिंहराव म्हणत होते. पवनकुमारनं दात ओठ खाऊन हिसका दिला. मी मधोमध फाटलो. गोंड्यांचं एक टोक नदीत राहिलं, त्यावर पवित्राच्या मुठींच्या चुण्या होत्या. उरलेला मी हरगोलीत पडलो. काठावर पोचून मागे बघितलं तर दांडा नव्हताच. आवळीची फांदी तेवढी वाहत चालली होती.

नीलम्मानं सगळ्यांना कोरडी लुगडी, पंचे दिले. नरसिंहराव देवाप्पासमोर हात जोडून उभे राहिले. देवाप्पा होंगीच्या बुंध्याला टेकून बसला होता, स्वतःच्या पायाकडे बघत.

"मी नदीला घाबरत नाही रायरे," तो म्हणाला. "तुम्ही लांब म्हणालात आणि माझा पाय मागे गेला. पोर हाताच्या अंतरावर होती. मी नेला नाही, पाय आपला आपण गेला. माझ्या बापाचाही असाच जायचा. मला या पायाची भीती वाटते."

त्यानंतर उगादी आली. देवाप्पा दुकानात आला नाही. नरसिंहराव दिवसभर दाराकडे बघत बसले. घरात आता सगळे एकाच पंगतीत जेवायचे, बायकाही. मौन नरसिंहरावांनी सोडून दिलं होतं. पण ते पूर्वीपेक्षाही कमी बोलायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी स्वतः मला माळ्यावरून काढलं, झटकलं आणि पवनकुमारला घेऊन देवाप्पाचं गाव गाठलं. त्याच्या अंगणात मला पसरलं. "नीलम्मा, आज तुझ्या हातचं जेवणार," ते म्हणाले. नीलम्मानं नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, केले, वर पातळ आमटीसारखं सारू केलं. नरसिंहराव माझ्या अर्ध्या भागावर बसले आणि उरलेला भाग हातानं साफ केला. "ये देवाप्पा. इथं बस, माझ्याशेजारी."

देवाप्पा माडाच्या झाडाशी उभा होता. चार-पाच हात लांब. हसला, प्रेमानंच हसला. "असू दे रायरे. तुम्ही जेवा."

"अरे, बस म्हणतो ना!"

"तुमचं होऊ दे."

नरसिंहरावांनी आपोशन घेतलं होतं. एक घास तोंडात होता. त्यांनी पानाकडे बघितलं, देवाप्पाकडे बघितलं, आणि ते उठले. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून भरल्या पानावरून उठले. पवनकुमारचा घास हातातच राहिला. नरसिंहराव अंगणातून चालत देवाप्पाकडे निघाले, हात पुढे करून.

आणि देवाप्पाचा पाय एक पाऊल मागे गेला.

दोघांनीही तो बघितला. मीही बघितला. नरसिंहराव तिथंच थांबले. पुढे गेलो तर तो आणखी मागे जाईल, हे त्यांना कळलं. मग हळूच खाली धुळीत बसले, आणि थोड्या वेळानं देवाप्पाही आपल्या जागी बसला. दोघांमधलं अंगण तसंच मोकळं राहिलं. नीलम्मा दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, झाडा, ऊन दाखवा. मला नाही झाडलं तरी चालेल. फाटलो तर शिवू नका. पण तुमच्या घरी दाराशी कुणी दूधवाला, कुणी कामवाली अक्का येत असेल, तर त्यांच्या पायांकडे एकदा नीट बघा. तुम्ही जवळ गेलात की ते पाय मागे जातात का? जात असतील तर 'लांब' हा शब्द त्यांना कुणीतरी तुमच्या आधीच म्हटलेला आहे. तो पायातून बाहेर कसा काढायचा, ते मला ठाऊक नाही. मी सुताचा, आणि आता अर्धाच. तुम्हाला पुष्कळ आयुष्य आहे. बघा, तुम्हाला जमतं का.